रुळावर साइड मिळत नाही

"दिसलं न्हाई का तुम्हाला? डिपर दिले होते की मी!"

ट्रामला ट्राम धडकली आणि शरणम्माच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे.

टेबलापलीकडच्या माणसानं आधी आपल्या ट्रामकडं बघितलं. हातभर लांबीची, तांबड्या रंगाची, पत्र्याची ट्राम. तिचं नाक पार बसलेलं. मग त्यानं मान वर केली.

"डिपर? कशानं दिलाव?"

"हातानं." शरणम्मानं मूठ दोनदा उघडून मिटून दाखवली. "एवढा उजेड पाडले, तरी तुम्ही आपले सरळच! साइड द्यायची असती माणसानं."

"अक्का," तो अगदी शांतपणे म्हणाला, "ही ट्राम हाय. रुळावर चालती. साइड द्यायला ती उतरंल कुठं… माझ्या मांडीवर?"

शरणम्माच्या मागं तिसरीच्या वर्गातली बत्तीस पोरं उभी होती. बत्तीसच्या बत्तीस हसली. आपल्याच बाईंची अशी फजिती बघायला मिळणं म्हणजे पोरांना जत्रेपेक्षा मोठी जत्रा!

गोष्ट त्र्याहत्तर सालच्या जानेवारीतली. हुमनाबादला जत्रा भरलेली, आणि हायस्कूलच्या हॉलमध्ये आठ दिवसांचं प्रदर्शन लागलेलं. वाडी जंक्शनच्या रेल्वे कॉलनीतल्या चार-पाच हौशी लोकांनी एवढ्या एवढ्या आगगाड्या बनवून आणल्या होत्या. इंजिनं, मालगाड्या, बोगदे, सिग्नल… आणि कोपऱ्यातल्या लांब टेबलावर मुंबईची ट्राम. ती बनवली होती टेबलापलीकडच्या त्याच माणसानं, सोमशेखरनं. वाडीला तो बिजलीचं काम करायचा. त्याचे काका मुंबईत ट्राम चालवायचे. मुंबईतली ट्राम बंद पडली, काका गावी परतले, आणि पुतण्याला रोज संध्याकाळी ट्रामच्या गोष्टी सांगत बसले. ऐकून ऐकून पुतण्यानं अख्खी लाइनच बनवली. बाकीच्या टेबलांवर 'हात लावू नये' अशी पाटी. सोमशेखरच्या टेबलावर मात्र पोरांनी हात लावायचाच! पितळी हँडल फिरवायचं, पायानं घंटा वाजवायची, ट्राम चालवायची. तो शिकवायचा.

शिकवायचा म्हणजे काय, सकाळपासून नुसती ठोकलेली नाकं सरळ करत बसला होता.

रूळ एकच होता. दोन टोकांना दोन ट्रामी, दोन हँडलं, दोन ड्रायव्हर. मधोमध एका जागी रूळ फुटून दोन व्हायचे आणि पुढं परत एक व्हायचे. त्याला तो लूप म्हणायचा. जी ट्राम आधी पोचेल तिनं लूपात थांबायचं, समोरची येऊ द्यायची, मग निघायचं. वाडीच्या पोरांना हे पाच मिनिटांत जमलं होतं, गुलबर्ग्याच्या पोरांना दहा. पण हुमनाबादची पोरं पडली पुणे-हैदराबाद रस्त्यावरची! त्यांनी जन्मल्यापासून बघितल्या लॉऱ्या. डांबराची पट्टी एका गाडीपुरती. समोरून दुसरी आली की दोघंही सरळ एकमेकांच्या अंगावर जायचं, दिवे मारायचे, आणि शेवटच्या घटकेला ज्याची छाती आधी फुटेल त्यानं दोन चाकं मातीत उतरवायची. म्हणून इथंही दोन्ही पोरं हँडल पिळून ट्रामी पळवायची आणि समोरचा मातीत उतरायची वाट बघत बसायची.

आणि शरणम्मा तर वीरभद्रप्पा लॉरीवाल्याची पोरगी. तिच्या घरी पाळणा कमी आणि टायर जास्त.

"उद्या परत आणते पोरांना," ती जाताना म्हणाली. "तवर नाक सरळ करून ठेवा."

"कुणाचं?" सोमशेखरनं विचारलं.

ती दारातनं वळून बघत होती… आणि तो तोंड पाडून तांबडं पत्र्याचं नाक चिमट्यानं ओढत होता. तिला हसू आवरलं नाही. हसू घरापर्यंत पुरलं. जेवतानाही थोडं उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं बघितलं, तो पोरांना समजावत होता. "हे बघा बाळांनो, ही क्रॉसिंगची जागा. अप आणि डाउन…"

पोरं जांभया देत होती. शरणम्मानं पदर खोचला.

"तुम्ही जरा सरका. ए भागू, इकडं ये. ही मधली जागा काय हाय ठावं हाय का?"

भागू म्हणजे वर्गातली सगळ्यात भांडखोर पोरगी. "काय बाई?"

"धाबा."

सगळी पोरं एकदम टेबलाला चिकटली.

"धाब्याच्या पुढं रस्ता न्हाई. पूल पडलाय, एकच गाडी जाती. आता तू धाब्यावर आधी आलीस तर काय करणार?"

"च्या पिणार!"

"किती येळ?"

"समोरची गाडी येईपत्तर!"

"हां! चल, काढ गाडी."

भागूनं हँडल फिरवलं. ट्राम घरंगळत निघाली. शाळेच्या खिडक्यांना गोणपाटं लावून हॉलमध्ये अंधार केलेला होता. त्यात ट्रामीच्या पोटातला बारका दिवा जपून जपून पुढं सरकत होता. पुठ्ठ्याची घरं, पुठ्ठ्याचं पोस्ट, चहाच्या दुकानाच्या दारात काडीएवढा माणूस. ट्राम धाब्यावर आली. सगळ्या पोरांनी गळा फाडून ओरडा केला, "होल्डाsssन!"

ट्राम थांबली. समोरची टुणटुण करत बाजूनं निघून गेली. कुणाचं नाक कुणाला लागलं नाही!

सोमशेखर बघतच राहिला. ट्रामीकडं नाही हो… पदर खोचलेल्या बाईंकडं.

"माझे काका ऐकले असते तर…" तो म्हणाला.

"तर काय?"

"मुंबईच्या ट्रामला धाबा! रडले असते."

"मग त्यांना बी च्या पाजा," शरणम्मा म्हणाली.

तिसऱ्या दिवशी एक गंमत झाली. गंमत म्हणजे सोमशेखरचं 'अक्का' बंद झालं. आमच्याकडं अनोळखी बाईला अक्का म्हणावं, त्यात मान असतो. पण अक्का म्हणजे बहीणही. सोमशेखरच्या जिभेवर अक्का यायची आणि तिथंच अडकायची. शरणम्मा म्हणायची छाती नव्हती. बाई म्हणावं तर तो काय तिसरीत नव्हता. मग तो म्हणायला लागला, "हे बघा."

"हे बघा… जरा तो स्क्रू द्याव."

"हे बघा… पाणी पिणार का?"

शेवटी शरणम्माच म्हणाली, "बघते की मघापास्नं. पुढं बोला."

त्याच्या हातातनं स्क्रू पडला. दोघंही टेबलाखाली शोधायला वाकले. अंधारात वर ट्राम फिरत होती. ती जवळ आली की टेबलाच्या फटीतनं त्याच्या कपाळावर उजेडाची रेघ सरकायची, लांब गेली की विझायची. शरणम्माला वाटलं, स्क्रू सापडू नये. पडलाय तसा पडू दे. असंच खाली बसावं, वर आपलं ते बारकं गाव चालू राहावं… घंटा वाजावी, दिवा यावा, दिवा जावा…

"सापडला," तो हळूच म्हणाला.

"कवा?"

"मघाच."

मधे एक भानगड झाली. पोरं थांबायला शिकली ती इतकी शिकली की दोन्ही ट्रामी धाब्यावर शेजारी शेजारी उभ्या राहायच्या आणि हलायच्याच नाहीत. "तू जा." "न्हाई, तू जा." "च्या संपली न्हाई अजून." मग शरणम्मानं नियम काढला, भरलेली गाडी आधी. घाटात नाही का, ओझ्याच्या गाडीला सगळे वाट देतात. मग शेंगदाण्यांचे पॅशिंजर आले. ज्याच्या ट्रामीत पॅशिंजर जास्त, तो आधी निघणार. दोन दिवस मोठ्या थाटात चाललं, फक्त पॅशिंजर शेवटच्या स्टॉपला उतरायच्या आतच कुणीतरी खाऊन टाकायचं. ह्या हौशी मंडळाचे म्हातारे प्रमुख, रिटायर गार्ड आप्पाराव, शिट्टी वाजवून ओरडायचे, "अरे, अपघातात बी एवढी माणसं जात न्हाईत रे!"

हसता हसता पाच दिवस गेले. पाचव्या दिवशी भागूनं बॉम्ब टाकला.

"सर, तुम्हाला ठावं हाय का? आमच्या बाईचं लगीन हाय."

सोमशेखरचा हात हँडलावरच राहिला. ट्राम शेवटच्या स्टॉपला आपटून फिरफिर करत राहिली.

संध्याकाळी हॉलच्या पायऱ्यांवर आप्पारावांनी चहा मागवला. शरणम्मा आणि सोमशेखर बसले. मधे दोन पोरं मावतील एवढी जागा. समोर मैदानात उन्हाची तिरीप आडवी पडलेली, धुळीला सोन्याचा रंग आलेला.

"लगीन हाय म्हणं तुमचं," तो चहात बघत म्हणाला.

"कोण सांगितलं?"

"तुमच्या क्लिनरनं. भागूनं."

शरणम्मा हसली नाही. "ठरलं न्हाई. करजगीचे लोक येऊन मागून गेलेत. माझ्या अप्पाच्या पाव्हण्यातले. आयतवारी सांजपत्तर सांगतो म्हणलेत अप्पा. व्हय म्हण, न्हाई म्हण, तुझ्यावर हाय म्हणले."

"मुलगा?"

"दोन लॉऱ्या हायत."

"लॉऱ्या न्हाई इचारलो. मुलगा इचारलो."

"असंल की बरा. बघितले न्हाई नीट. मान खाली होती." मग ती जरा थांबून म्हणाली, "आमच्यात मुलाकडचे येतेत मागायला. अप्पा करजगीकडचे ना, तिकडची रीत. मुलीकडच्यांनी आपण होऊन जायचं न्हाई. कुणी आलंच न्हाई तर आलेल्यातलंच…"

तिनं वाक्य सोडून दिलं. त्यानं उचलावं म्हणून सोडलं होतं.

सोमशेखरनं चहा हलवला. साखर कधीच विरघळली होती. "आमच्यात उलटं," तो म्हणाला. "आमचं गाव खटकचिंचोळी. तिथं मुलीकडचे येतेत. माझ्या थोरल्या भावाला, चुलतभावाला… सगळ्यांना मुलीकडचेच आले. आई म्हणती, आपण मागायला जाणं बरं दिसत न्हाई."

"असं का?"

"हां. असं."

शरणम्माला वाटलं, हा म्हणतोय, तुझ्या बापाला पाठव. सोमशेखरला वाटलं, ही म्हणतीय, तुझ्या आईला आण. दोघांनाही राग आला. दोघांनीही पेला पायरीवर जरा जोरात ठेवला. झालं! ज्यांनी बत्तीस पोरांना पाच दिवसांत शहाणं केलं, ते दोघं स्वतः धाब्यावर शेजारी शेजारी उभे… आणि हलायचं नाव नाही.

शुक्रवारी तो म्हणाला, "सोमवारी पहाटं सामान भरणार." ती म्हणाली, "बरं."

शनिवारी ती म्हणाली, "उद्या आयतवार." तो म्हणाला, "व्हय की."

प्रेमात पडलेली माणसं किती हुशार बोलतात बघा!

रविवारी सकाळी शरणम्मानं केस विंचरताना आरशात बघितलं. आरशातली पोरगी रडवेली दिसत होती, आणि शरणम्माला रडव्या पोरी आवडत नसत. वर्गात ती रडव्या पोरींना म्हणायची, रडू नको, सांग काय पाहिजे. मग तिनं आरशातल्या पोरीला तेच विचारलं. त्या पोरीनं तोंड उघडायच्या आत हिच्या पायात चप्पल होती.

"अप्पा, येते मी!"

वीरभद्रप्पा लॉरीखाली होते. नुसते पाय बाहेर. "आज शाळा न्हाई की गं?" पाय म्हणाले. पण पोरगी गेलेली होती.

आठच्या मोटारीत तिला खिडकी मिळाली. दोन्ही बाजूला ज्वारी उभी, दाणे भरलेली, वारा आला की सगळं रान एकदम मान हलवायचं. शरणम्मा खिडकीच्या गजाला गाल लावून बसली. तिला वाटलं, आपण त्या टेबलावरच्या तांबड्या ट्रामीत बसलोय. काडीएवढ्या. बाहेर पुठ्ठ्याची गावं जातायत, पुठ्ठ्याची झाडं, आणि वर कुठंतरी आभाळाएवढा एक माणूस हँडल धरून, श्वास रोखून बघतोय… हळू… हळू… आता वळण आहे…

"खटकचिंचोळीऽऽ!" कंडक्टर ओरडला. ती पदर सावरत उतरली.

बसम्मा अंगणात तुरीच्या शेंगा बडवत होती. सोमशेखरची आई. उंच, हडकुळी, कपाळावर इभूतीचे पट्टे. तिनं काठी थांबवली.

"कुणाची गं तू?"

"हुमनाबादचे वीरभद्रप्पा लॉरीवाले… त्यांची. शरणम्मा."

"शरणु शरणार्थी," बसम्मानं हात जोडले. "बस. पाणी पी. मोटारीचं काय काम हाय?"

"मोटारीचं न्हाई…" सगळं पाठ केलेलं होतं, सगळं ज्वारीच्या रानात उडून गेलं. राहिलं ते एकच वाक्य. "तुमच्यात मुलीकडचे मागायला येतेत म्हणं."

"व्हय. येतेत की."

"म्हणून आले मी."

बसम्मानं तिच्या मागं बघितलं. कुणी नव्हतं. वाटेकडं बघितलं. कुणी नव्हतं.

"संगं कोण हाय?"

"कुणी न्हाई."

"बाप?"

"लॉरीखाली हायत."

"अगं बाई!" बसम्मा घाबरली.

"न्हाई न्हाई! चेपले न्हाईत, दुरुस्ती करायलेत!"

बसम्मानं काठी बाजूला ठेवली, पदरानं तोंड पुसलं. "मुलीकडचे म्हणजे बाप, चुलता, मामा गं! मुलगीच येत असती का मुलगा मागायला?"

"मी मुलीकडचीच की," शरणम्मा म्हणाली. "माझ्यापेक्षा मुलीकडचं अजून कोण असणार?"

मग बसम्मा हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग सगळी बसम्मा हलली. हसता हसता खाली बसली. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसलं, आणि मग बारीक आवाजात विचारलं,

"शेखर्‍यानं पाठवलंय व्हय तुला?"

"त्यांना ठावं बी न्हाई." शरणम्मानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्यांचं मन बी मला ठावं न्हाई, अव्वा. ते मला नुसतं 'हे बघा' म्हणतेत. पण आज सांजच्याला अप्पा करजगीला निरोप देणार. उद्या हे गाडी भरून वाडीला जाणार. मग मी आयुष्यभर म्हणत बसणार, रीत आडवी आली. तसं म्हणायचं न्हाई मला. तुम्ही न्हाई म्हणा, मी जाते. पण मी इचारलेच न्हाई असं व्हायला नको."

बसम्मानं पुढ्यातल्या शेंगा एका बाजूला सारल्या. मग उठली, घरात गेली. शरणम्माला वाटलं, संपलं. आतनं पेटी उघडल्याचा आवाज आला. बसम्मा बाहेर आली ती ठेवणीतलं इरकल नेसून.

"चल. दहाची मोटार सुटंल."

हुमनाबादला उतरून दोघी आधी हॉलवर गेल्या. टेबलाभोवती ही गर्दी! भागू स्टुलावर उभी राहून गावातल्या नव्या पोरांना दटावत होती, "च्या पी म्हणलं न्हाई का तुला? पॅशिंजर खाऊ नको!" आणि दोन ट्रामी एकमेकींच्या अंगाला अंग न लावता, दिवे मिचकावत, निघून जात होत्या. सोमशेखर मात्र नव्हता.

"सकाळीच गेलाय," आप्पाराव शिट्टी पुसत म्हणाले. "टेबल ह्या पोरीच्या हवाली करून. कुठं चाललास म्हणलं, तर म्हणं वीरभद्रप्पाकडं."

शरणम्मा पळतच सुटली. बसम्मा मागनं, "अगं, हळू! माझं वय हाय का ते!"

घराच्या अंगणात लॉरी. लॉरीखालून बाहेर चार पाय. दोन अप्पांचे. दोन पायांत धुतलेली, इस्त्रीची पांढरी विजार. म्हणजे सकाळी पांढरी असेल.

"अप्पा!"

चारी पाय दचकले. आत कुणाचं तरी डोकं आपटलं. वीरभद्रप्पा सरपटत बाहेर आले.

"कुठं गेल्तीस गं? हा बाबा सकाळपास्नं येऊन थांबलाय. मुलगी मागायला आलो म्हणतो! म्हणलं वडील माणूस कुठाय? तर म्हणं, आणायला गेलो असतो तर येळ झाला असता, तुम्ही करजगीला निरोप धाडला असता. म्हणलं मुलगीच न्हाई घरात, बस. तर बसंना. मग पाना दिलो हातात." त्यांचं लक्ष मागं गेलं. "ह्या कोण?"

"मी मुलाची आई," बसम्मा धापा टाकत म्हणाली. "तुमची पोरगी मुलगा मागायला आली होती."

वीरभद्रप्पांनी पोरीकडं बघितलं. मग लॉरीखालच्या पायांकडं. मग परत पोरीकडं. त्यांच्या मिशीच्या एका टोकाला हसू फुटलं आणि दुसऱ्या टोकापर्यंत गेलं.

"बर्री अक्का, बर्री! आत या. हात धुतो. करजगीला काय सांगायचं ते मी बघतो. ह्या दोघांनी तर आपल्याला कामच ठेवलं न्हाई."

दोघं म्हातारे आत गेले. भांड्यांचा आवाज झाला. तेव्हा कुठं सोमशेखर लॉरीखालून बाहेर आला. तोंडावर, कानावर, भांगात ग्रीस. डोळे तेवढे ओळखू येत होते.

"तुम्ही… आमच्या गावाला गेलाव?"

"तुम्ही आमच्या घरी आलाव?"

"म्हणजे रस्त्यात…"

"चुकामूक झाली."

दुपारचं ऊन लॉरीच्या टपावरून घसरून अंगणात पडलेलं. कुठंतरी जत्रेतली पिपाणी वाजत होती, लांब, झोपेत ऐकल्यासारखी.

"तुमचे अप्पा व्हय म्हणले," तो म्हणाला.

"तुमची आई बी."

"मग झालंच की."

"काय झालं?" शरणम्मानं कमरेवर हात ठेवले. "तुम्ही माझ्या अप्पाला इचारलाव. मी तुमच्या आईला इचारले. मला… मला कुणी इचारलंय का अजून?"

सोमशेखरनं हात विजारीला पुसले. विजारीचं होतं नव्हतं ते पांढरेपण गेलं. तो एक पाऊल पुढं आला. 'हे बघा' ओठांवर आलं, ते त्यानं गिळलं.

"शरणम्मा…"

पहिल्यांदाच. बाईंना बत्तीस पोरं आठवड्याला हजार हाका मारायची, पण आपलं नाव एवढं लांब असतं, एवढं हळू संपतं, हे तिला आजच कळलं.

"इचारू?"

ती खाली बघत हसली. कानाच्या पाळीपर्यंत तांबडी झाली.

"हॉर्न कामून वाजवायलाव," ती म्हणाली, "रस्ता मोकळाच हाय की…"